मूळरूप आणि सुरुची : एका मोटारीच्या निमित्ताने

कलाकृतीच्या मूळरूपाचा प्रश्न समीक्षेत सामान्यतः हस्तलिखित, चित्र किंवा वास्तू यांच्या संदर्भात उपस्थित केला जातो. कारखान्यात लाखांच्या संख्येने घडणाऱ्या आणि वापराने झिजणाऱ्या वस्तूलाही तो लागू पडू शकेल, याचा विचार क्वचितच होतो. ज्या स्पोर्ट्स मोटारींना आता ‘आधुनिक अभिजात’ अशी मान्यता मिळाली आहे, त्यांच्या मालकांमधला एक जुना वाद या दृष्टीने लक्षणीय ठरतो. अशी मोटार कारखान्यातून निघाली त्याच रूपात जपावी, की तिच्यात हलके, सुरुचीपूर्ण फेरफार करण्यास हरकत नसावी, असा तो वाद आहे. भडक रंगांचा आणि अवाढव्य पंखांचा कैवार या वादात कोणी घेत नाही. प्रश्न असतो तो इंचभर खाली आणलेल्या सस्पेन्शनचा, किंचित मोठ्या चाकांचा, लाकडी कडीच्या स्टीअरिंगचा. म्हणजेच डोळ्यांना न खुपणाऱ्या बदलांचा. हे न खुपणे हा त्या बदलांचा गुण मानला जातो. तो निव्वळ गुणच आहे काय, हे पाहणे आवश्यक आहे.

माझ्दा कंपनीची एमएक्स-5 ही मोटार या चर्चेसाठी उपयुक्त उदाहरण आहे. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. अमेरिकेत ती ‘मिआटा’ या नावाने, तर जपानमध्ये ‘युनोस रोडस्टर’ या नावाने विकली गेली. उघडमीट होणारे दिवे असलेली तिची पहिली पिढी 1997 पर्यंत चालली आणि त्या अवधीत चार लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. ऐतिहासिक वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ तीस वर्षांपूर्वीच्या वाहनास ऐतिहासिक मानतो. त्या गणनेने या पिढीच्या पहिल्या मोटारी 2019 सालीच इतिहासजमा, किंबहुना इतिहासमान्य, झाल्या.

मूळरूपाचा आग्रह धरणाऱ्यांची भूमिका वरकरणी निःसंदिग्ध वाटते. परंतु या मोटारीचे मूळरूप नेमके कोणते, असे विचारताच ती डळमळू लागते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींना चालकासाठी एअरबॅग असल्याने त्यांचे स्टीअरिंग जाड आणि बोजड होते. सुरुवातीच्या जपानी मोटारींचे स्टीअरिंग सडपातळ होते. 1990 च्या ‘व्ही स्पेशल’ या जपानी आवृत्तीला तर नार्दी या इटालियन निर्मात्याचे लाकडी स्टीअरिंग कारखान्यातच बसवलेले असे. अमेरिकेतील एखादा मालक एअरबॅग काढून तेच लाकडी स्टीअरिंग बसवतो, तेव्हा तो मूळरूपापासून दूर जातो की त्याच्या जवळ येतो? शिवाय या मोटारीची कल्पनाच मुळी स्मरणातून जन्मलेली आहे. 1960 च्या दशकातील हलक्या, उघड्या ब्रिटिश मोटारी, विशेषतः 1962 ची लोटस एलान, यांची आठवण तिच्या रेषारेषांतून जाणवते. जिला मूळ म्हणून जपायचे, ती स्वतःच एका पूर्वरूपाचे पुनर्कथन आहे.

मराठी अभ्यासकाला येथे पाठचिकित्सेची आठवण होणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची संहिता कोणत्याही एका हस्तलिखितात जशीच्या तशी आढळत नाही. अनेक पोथ्यांच्या तौलनिक अभ्यासातून ती निश्चित केलेली आहे. मोटारीचे ‘कारखान्याचे रूप’ हेदेखील विक्रीपत्रके, सुट्या भागांच्या याद्या आणि देशोदेशींच्या आवृत्त्या यांतून निश्चित केलेली संहिताच होय. याचा अर्थ ते रूप खोटे आहे असा नव्हे. ते आपोआप हाती येत नाही, निवडीने ठरते, एवढाच याचा अर्थ आहे.

संहिता ठरली तरी द्रव्याचा प्रश्न उरतोच. जीर्णोद्धार म्हणजे वस्तूचा नाशच, असे रस्किनने 1849 मध्ये प्रतिपादिले. उलट जीर्णोद्धाराने वास्तूला पूर्वी कधीही नसलेली परिपूर्णतासुद्धा देता येते, असे व्हिओले-ल-द्युक याचे मत होते. माझ्दाने 2017 साली जपानमध्ये पहिल्या पिढीच्या मोटारींच्या पुनर्स्थापनेची योजना जाहीर केली आणि जुन्या धर्तीचे टायर व लाकडी स्टीअरिंग नव्याने तयार करविले. या योजनेतून बाहेर पडणारी मोटार दिसण्यात 1989 ची, पण द्रव्याने बऱ्याच अंशी आजची असते. बदल न करण्याचा मार्गही अशा रीतीने बदलातूनच जातो. लंडनच्या उच्च न्यायालयापुढे 1990 साली आलेला बेंटलीचा खटला या संदर्भात उद्बोधक आहे. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही मोटार पुढे इतकी बदलली गेली होती की, तिला त्या नावाने विकता येते काय, असा वाद निर्माण झाला. मूळ भाग फारसे उरले नसले तरी तिचे अस्तित्व अखंड आहे, म्हणून ती तीच मोटार होय, असा कौल न्यायालयाने दिला. ओळख द्रव्यात वा रूपात नसून अखंड इतिहासात असते, हे तत्त्व त्यातून निष्पन्न होते. मात्र इतिहासावर ओळख उभी करायची तर तो इतिहास वाचता आला पाहिजे.

सुरुचीच्या युक्तिवादाची खरी परीक्षा येथेच होते. हा युक्तिवाद दुबळा नाही. अलंकार आपल्या स्थानी असेल तरच तो शोभतो, हे क्षेमेंद्राने औचित्यविचारात सांगितलेले तत्त्व केवळ वैयक्तिक आवडीनिवडीचे नाही; ते भाग आणि समग्र यांच्या नात्याचे आहे. स्वार आणि अश्व यांचे एकशरीर होणे ही कल्पना माझ्दाच्या अभियंत्यांनी या मोटारीच्या मुळाशी ठेवली होती. ते ऐक्य अधिक दृढ करणारा बदल तिच्या प्रकृतीशी सुसंगत आहे, असे म्हणता येईल. परंतु औचित्य साधल्याने बदल न्याय्य ठरतोच असे नाही. भडक बदल स्वतःची ओळख स्वतःच देतो. तो टीकेसारखा समासात उभा असतो आणि वाचणारा त्याला मूळ समजत नाही. सुरुचीपूर्ण बदल संहितेत मिसळून जातो. तो प्रक्षेप असतो, आणि जितका उत्तम तितका अदृश्य. तीस वर्षांनंतरच्या जाणकारालाही ही चाके कारखान्याचीच वाटली, तर मालकाच्या रसिकतेचा तो विजय असेल. पण त्याच क्षणी मोटारीच्या साक्षीत एक असत्य विधान शिरलेले असेल. कुरूप बदल मोटारीचे रूप बिघडवतो, सुरूप बदल तिची साक्ष बिघडवू शकतो.

ही वस्तू एकमेव नाही, लाखोंपैकी एक आहे, तेव्हा एका प्रतीतील प्रक्षेपाने काय बिघडते, असा आक्षेप यावर घेतला जाईल. नेल्सन गुडमनच्या विवेचनाचा आधार घेतल्यास अशी मोटार मुद्राचित्राच्या जवळ जाते : ठसा एकच, पण प्रत्येक प्रत स्वतंत्र वस्तू. इतर प्रती शाबूत आहेत या विश्वासावर प्रत्येक मालक आपल्या प्रतीत बदल करतो. तो विश्वास सर्वांचाच असल्यामुळे न बदललेली प्रत अखेरीस दुर्मिळ होते. कोणीही एकटा दोषी नसताना सर्वांच्या हातून मूळ पाठ नष्ट होतो. विपुलता ही या अर्थाने सवलत नसून केवळ मुदत आहे.

दुसरीकडे, साक्ष जपण्याच्या या कर्तव्यालाही मर्यादा आहे, कारण मोटारीत माणूस बसतो. मोटार उलटल्यास डोके वाचावे म्हणून उघड्या मोटारीत बसवलेला रोल बार तिची मूळ रेषा निश्चितच भंग करतो. एअरबॅग काढून बसवलेले लाकडी स्टीअरिंग तिला अधिक देखणी बनवते. सौंदर्याच्या निकषावर दुसरा बदल श्रेष्ठ ठरेल. जिवाच्या निकषावर मात्र क्रम उलटतो : कुरूप बदल न्याय्य ठरतो आणि सुरूप बदल संशयास्पद. या एका उदाहरणाने स्पष्ट होते की ‘सुरुचीपूर्ण’ हे विशेषण नैतिक समर्थनाचे काम करू शकत नाही. ते केवळ बदल कसा दिसतो हे सांगते. तो कोणासाठी आणि कशाच्या मोलाने केला, हे सांगत नाही.

यास्तव वादाच्या दोन्ही बाजूंना आपला प्रश्न बदलून घ्यावा लागेल. बदल करावा की करू नये, यापेक्षा झालेल्या बदलाची जबाबदारी कशी वाहावी, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. वर उल्लेखिलेल्या महासंघाने 2012 साली स्वीकारलेल्या तोरिनो सनदेचा रोखही, बदल शक्यतो परतवता यावेत आणि त्यांची नोंद राहावी, असाच आहे. भोके पाडून वा पत्रा कापून केलेला बदल कितीही देखणा असला तरी तो पुढच्या मालकाचा निर्णय आधीच हिरावून घेतो. बोल्ट सोडवून परतवता येणारा बदल तसा नसतो, मात्र काढलेला भाग जपलेला असेल आणि काय, केव्हा, का बदलले हे लिहिलेले असेल तरच. मालक हा मोटारीचा कर्ता नव्हे आणि निव्वळ पहारेकरीही नव्हे. त्याची भूमिका संपादकाची आहे. संपादकाने पाठ सुधारू नये असे कोणी म्हणत नाही. टाकलेला पाठ त्याने तळटीपेत ठेवावा, एवढीच अपेक्षा असते. माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेले ते जाड, बोजड स्टीअरिंग ही अशीच एक तळटीप होय. आणि ती जोवर तेथे आहे, तोवरच खाली बसवलेल्या लाकडी स्टीअरिंगला सुरुचीचा दावा प्रामाणिकपणे करता येतो.