न मोजलेले किलोमीटर

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी एक संकल्प सोडला. चाळीस दिवस रोज पहाटे प्रत्येकाने पाच किलोमीटर धावायचे, हितचिंतकांनी किलोमीटरमागे एक रुपया द्यायचा आणि जमलेल्या निधीतून गावातल्या एका अपंग बास्केटबॉलपटूसाठी खेळाची चाकांची खुर्ची घ्यायची. ही खुर्ची रुग्णालयातल्या खुर्चीसारखी नसते. ती वजनाने हलकी असते. तिची चाके वरून आत कललेली व खाली फाकलेली असतात, म्हणून वेगात वळताना ती सहजी कलंडत नाही. अर्थात ती महागही असते.

कल्पना आम्हांस मनापासून आवडली. उपवास आणि दानधर्म ह्यांची सांगड ख्रिस्तसभेने पूर्वापार घातली आहे. आपण देहाला थोडे कष्ट द्यावेत आणि त्यांचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडावे, ह्यात वावगे ते काय? रविवारच्या मिस्सात आम्ही आवाहन केले. त्या तरुणाच्या असहायतेचे वर्णन करताना आमचा कंठ दाटून आला. दानपेटीही भरली.

संध्याकाळी तो तरुण भेटायला आला. म्हणाला, "फादर, तुमचे उपकार आहेत. पण मी पाच वर्षे रोज दोन तास सराव करतो. माझे किलोमीटर कधी कुणी मोजले नाहीत. आणि आज सकाळी तुम्ही ज्याच्याविषयी बोललात, त्या माणसाला मी ओळखत नाही."

आम्ही निरुत्तर झालो. सशक्त माणूस अपंगासाठी धावतो तेव्हा टाळ्या धावणाऱ्याला मिळतात आणि बसलेल्याच्या वाट्याला कीव येते. मग असे संकल्प सोडूच नयेत काय?

अपंगांच्या क्रीडाचळवळीचा उगमच ह्या किवेला नकार देण्यात आहे. डॉ. लुडविग गुट्मन हे जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयाला आलेले ज्यू वैद्य. कण्याला इजा झालेल्या सैनिकांनी अंथरुणावर मरणाची वाट पाहावी, हे त्यांना मान्य नव्हते. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी स्टोक मँडेव्हिल येथे १६ रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्याच परंपरेतून १९६० साली रोममध्ये पहिले पॅरालिंपिक भरले आणि पोप तेविसावे जॉन ह्यांनी त्या खेळाडूंना भेट दिली.

आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर जलतरणात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्या प्रवासाच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट ह्यांच्या संस्थेचा हातभार लागला होता. तिकिटाला पैसे लागतात आणि ते कुणीतरी द्यावेच लागतात. परंतु पाण्यात उतरल्यावर हात मारायचे ते पेटकरांनीच. पदकही त्यांचेच.

शुभवर्तमानात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवरून प्रभूकडे आणतात. गर्दीमुळे त्यांना छप्पर उघडावे लागते. पुढे तो माणूस स्वतःची बाज उचलून सर्वांदेखत चालू लागतो; त्या चौघांचे काय झाले, हे मार्क सांगत नाही. वाट मोकळी करून देणे एवढेच त्यांचे काम होते. दान देणाऱ्याला हे बाजूला होणेच फार जड जाते. आम्हांसही ते जमले नव्हते. त्या तरुणाच्या जागी आम्ही आमच्या शब्दांतला एक दीनवाणा माणूस उभा केला होता.

पुढल्या रविवारी आम्ही वेदीवरून त्याची क्षमा मागितली. युवकांनी फलकावर आपल्या नावांबरोबर त्याचे नाव लिहिले आणि त्याच्या सरावाचेही किलोमीटर मोजले जाऊ लागले.

वाचकहो, एक कबुली अजून उरली आहे. त्याने आमचे ते भाषण चर्चमध्ये बसून ऐकले नव्हते. आमच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. पाच वर्षे तो बाहेरच्या मांडवात बसून कर्ण्यावरून मिस्सा ऐकत आला. त्याला तेच आवडत असावे, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्येकी दोनशे किलोमीटर धावायला निघालेल्या आम्हा सर्वांना त्या तीन पायऱ्या दिसल्या नव्हत्या. आता तिथे उताराचे काम चालू आहे.