पडलेल्या भिंतींचे काय करायचे?

युद्ध संपले की शहर पुन्हा उभारावेच लागते. तेव्हा एक प्रश्न आडवा येतो. पडलेल्या भिंती आठवण म्हणून तशाच जपाव्यात, की त्या काढून तिथे पुन्हा राहायला आणि प्रार्थना करायला लागावे?

जपानमधील नागासाकी शहरात हा प्रश्न आपल्यासारख्याच कॅथलिक धर्मग्रामस्थांपुढे उभा राहिला. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी तेथील उराकामी भागावर अणुबॉम्ब पडला. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता. कॅथेड्रलमध्ये धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते. आत असलेले कोणीही वाचले नाही. उराकामीच्या सुमारे १२ हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मरण पावले. त्याच वर्षीच्या नाताळात उरलेल्यांनी ढिगाऱ्यातून एक घंटा उकरून काढली आणि वाजवली. दुसरी घंटा फुटून गेली होती.

पुढे मतभेद झाले. हिरोशिमातील घुमटाप्रमाणे हे अवशेषही जपावेत, असे शहरातील अनेकांना वाटत होते. धर्मग्रामस्थांना मात्र चर्च त्याच जागी हवे होते. कारण छळाच्या काळात तिथेच त्यांच्या पूर्वजांना पवित्र प्रतिमा पायांखाली तुडवायला लावत. अखेर १९५८ मध्ये अवशेष काढले आणि १९५९ मध्ये नवे चर्च उभे राहिले. जुन्या भिंतीचा एक भाग बॉम्ब पडला त्या जागेजवळच्या उद्यानात ठेवला आहे.

कोणाचे बरोबर होते? आम्हांला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. आठवण पुसून केलेली क्षमा उथळ असते आणि आठवणीलाच कवटाळून बसलो तर चर्च उभेच राहत नाही.

पण चर्च बांधून झाले तरी डावा मनोरा घंटेविना रिकामाच राहिला. अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ८० वर्षांनी, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. भिंती आपल्या कष्टाने बांधता येतात. तो मनोरा मात्र ज्या देशाने बॉम्ब टाकला, तेथील माणसांनी भरायचा होता.

आपल्या घराघरांतही असे रिकामे मनोरे आहेत. वाटणीवरून, बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाही. नवे घर झाले, मुलांची लग्ने झाली, पण एक घंटा मुकीच आहे. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभू येशू सांगतो. दुखावलेल्याने वाट पाहिली असेल. आपल्या हातून दुखावले गेले असेल, तर घंटा घेऊन आपणच जायला हवे. तेही ८० वर्षे न थांबता.