यवतला राहायला आलेल्यांची निराशा

शहर सोडून जवळच्या गावात घर करणाऱ्यांची निराशा पहिल्या दोन-चार पावसाळ्यांतच सुरू होते. पुणे–सोलापूर महामार्गावरचे, दौंड तालुक्यातले यवत पुण्यापासून 40–45 किलोमीटरवर आहे. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन असा सरकत आलेला घरांचा पट्टा आता इथवर पोचला आहे. रेल्वे स्थानक गावातच आहे आणि पुणे–दौंड मार्गावर 2017 मध्ये डेमू सुरू झाल्यावर गुंठ्या-दोन गुंठ्यांची जागा घेऊन रोज पुण्याला ये-जा करणे अनेकांना जमण्यासारखे वाटले. कालव्याचे पाणी, उसाचे फड, भुलेश्वराचा डोंगर, मोकळी हवा ही ओढ होतीच.

तक्रारीही खऱ्या असतात. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडासोबत प्लास्टिक आणि टायर जाळल्याचा काळा धूर दारे-खिडक्या लावूनही घरात येतो. ओढ्याकाठी कचरा साठतो. प्लॉटपुढचा मुरमाचा रस्ता पहिल्या पावसात चिखल होतो. यावरून ‘गाव बिघडले’ असे म्हटले जाते, पण बिघाडाचे मूळ बरेचदा वस्ती ज्या तऱ्हेने झाली त्यातच सापडते. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याला वळसा घालून विकलेल्या तुकड्यांत अनेक खरेदीदारांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढतात. मंजूर रेखांकन नसते. आतला रस्ता कागदोपत्री खासगी शेतजमीनच राहतो. ग्रामपंचायत आठ नंबरच्या उताऱ्यावर घराची नोंद करून घरपट्टी घेते, पण त्या रस्त्यावर खर्च करताना तिचे हात बांधलेले असतात. जागा स्वस्त मिळण्याचे एक मोठे कारण हेच होते.

जुन्या रहिवाशांचा हिशेब यापेक्षा लांबचा आहे. पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा याच तालुक्यातून वाहते आणि शिरूरच्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. नदीकाठच्या गावांनी तिचा फेस आणि दुर्गंधी प्लॉटिंगच्या कितीतरी आधीपासून सोसली आहे. ज्या शहराला कंटाळून माणसे निघाली, त्याची घाण त्यांच्या आधीच इकडे पोचली होती, आणि नव्या माणसाच्या कैफियतीत ही गोष्ट क्वचितच येते.

सगळेच ढासळले, हेही खरे नाही. तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा यवतकर घरोघर भाकरी थापतात, काळभैरवनाथ मंदिरात मोठ्या कढयांत पिठले शिजते आणि हजारो वारकरी जेवतात. एवढी कामे वाटून पार पाडणारे गाव निर्जीव म्हणता येत नाही. त्या वाटणीत नव्या वसाहतीच्या वाट्याला मात्र सहसा काही येत नाही, कारण तिथे कोण राहतो हेच गावाला ठाऊक नसते.

हे तुटलेपण ग्रामसभेत जास्त बोचते. ग्रामसभेचा सदस्य होण्यासाठी गावच्या मतदारयादीत नाव लागते. अशा वसाहतींतल्या अनेकांचे मत हडपसरला किंवा मूळ गावी राहिलेले असते. गुऱ्हाळाचा धूर किंवा कचऱ्याची जागा हा विषय सभेत निघतो तेव्हा गुऱ्हाळमालक आणि त्याचे भाऊबंद मतदार म्हणून हजर असतात. ज्याच्या घरात धूर शिरतो, त्याचे नाव यादीत नसते.