नगरपालिकेची जमीन आणि विश्वस्ताचा धर्म

नगरपालिकेच्या नावावरची जमीन बहुधा गावाच्या ऐन मध्यात असते. जुनी भाजी मंडई, तिच्या पाठीमागे शाळा, शेजारी वाचनालय, पलीकडे आठवडे बाजाराचे मैदान. इमारती जीर्ण होत जातात, जमिनीचा भाव मात्र चढत राहतो, आणि एक दिवस सर्वसाधारण सभेपुढे पुनर्विकासाचा प्रस्ताव येतो: तळमजल्यावर गाळे, वर कार्यालये, त्याही वर सदनिका, तळघरात वाहनतळ. अशा मिश्र वापरात मुळात वावगे काही नाही. पुण्याच्या जुन्या पेठांत खाली दुकान आणि माडीवर बिऱ्हाड हीच रीत होती. वाद उभा राहतो तो अधिकारावरून. ही जमीन नेमकी कोणाची, आणि तिचा कारभार पाहणाऱ्याने तिचे काय करणे धर्माला धरून होईल, हा खरा प्रश्न आहे.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची अत्यंत नेमकी चर्चा पूर्वमीमांसेत, म्हणजे वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, आढळते. विश्वजित यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. यजमान राजा असेल तर त्याने भूमीही देऊन टाकावी काय? जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर नकारार्थी आहे. या सूत्रांवरच्या शबराच्या भाष्यानुसार भूमीशी सर्वांचे नाते सारखेच असते. एखाद्या शेताला धनी असू शकतो, समग्र भूमीला नाही. राजा रक्षण करतो आणि त्याबद्दल पिकाचा ठरलेला वाटा घेतो. तो वाटा त्याचा, भूमी त्याची नव्हे. चर्चा यज्ञाच्या विधीतून निघाली असली, तरी तिचा निष्कर्ष दूरवर पोचतो: सत्ता हाती असली म्हणून स्वामित्व येत नाही.

सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूखा’त हाच धागा पुढे नेला. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीत स्थायिक झालेले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. राजाने मुलूख जिंकला तरी प्रजेच्या घरांवर आणि शेतांवर त्याचे स्वामित्व येत नाही, त्याला कर घेण्याचा अधिकार तेवढा मिळतो, असे नीलकंठ मानतात. म्हणूनच राजा गाव दान देतो तेव्हा ते त्यांच्या दृष्टीने भूमिदान ठरत नाही. ती केवळ उपजीविकेची तरतूद असते. हा ग्रंथ पंडितांपुरता राहिला नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू कायद्यासाठी त्याला प्रमाण मानले.

पश्चिमेत हाच विचार वेगळ्या वाटेने आला. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा सर्वांचे आहेत असे रोमन कायद्याने मानले होते. त्यातून पुढे लोकविश्वस्ततेचे तत्त्व आकाराला आले. इलिनॉय राज्याने १८६९ साली शिकागोजवळचा मिशिगन सरोवराचा मोठा तळपट्टा एका रेल्वे कंपनीला दिला आणि १८७३ साली तो निर्णय फिरवला. १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा हा फेरनिर्णय उचलून धरला. लोकांसाठी सांभाळलेली वस्तू राज्य अशी कायमची सोडून देऊ शकत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग म्हणून स्वीकारले.

नगराच्या मध्यवर्ती जमिनीला हे तत्त्व कसे लागू पडते, ते लखनऊच्या झंडेवाला पार्कच्या प्रकरणात स्पष्ट दिसते. अमीनाबादच्या गजबजलेल्या बाजारातले हे उद्यान स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांचे ठिकाण होते. १९९३ साली तिथल्या महापालिकेने उद्यानाखाली भूमिगत बाजारसंकुल बांधण्याचा करार एका बांधकाम व्यावसायिकाशी केला. वर बाग, खाली दुकाने, म्हणजे एकाच जागेचा दुहेरी वापर. पण निविदा मागवल्या नव्हत्या, आणि करारातले लाभाचे पारडे उघडच व्यावसायिकाकडे झुकलेले होते. उच्च न्यायालयाने करार रद्द केला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि झालेले बांधकाम काढून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. महापालिका उद्यानाची विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताने आपले कर्तव्य परक्या हाती सोपवता कामा नये, अशी त्या निकालाची भूमिका होती.

महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातही हाच विवेक आहे. शासनाच्या मंजुरीशिवाय नगरपरिषदेला आपली स्थावर मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही. स्वतःच्या अधिकारात ती एका वेळी तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा देऊ शकते, मात्र त्या जागेवर पक्के बांधकाम करू देता येत नाही आणि नूतनीकरणे धरूनही एकूण मुदत नऊ वर्षांपलीकडे जात नाही. कायद्याच्या या कोरड्या भाषेमागे नैतिक जाणीव आहे. आज निवडून आलेल्या सभागृहाने उद्याच्या नागरिकांचे हात बांधून ठेवू नयेत.

दुसरा प्रश्न वाढलेल्या मोलाचा. मध्यवर्ती जमिनीचा भाव कोणा एकाच्या कष्टाने वाढत नाही. रस्ते, पाणी, बाजारपेठ, शेजारची वस्ती आणि रोजची वर्दळ मिळून तो वाढवतात. अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांनी १८७९ च्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात असे मांडले की, समाजाने निर्माण केलेले हे मोल समाजाकडेच परत यायला हवे. एबेनेझर हॉवर्ड यांच्या उद्याननगरीचा पायाही हाच होता: जमीन सामाईक ठेवायची आणि वाढत्या भाड्यातून गावाच्या सोयी चालवायच्या. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीच्या करारांची कसोटी इथेच लागते. विकासकाला त्याच्या भांडवलाचा आणि जोखमीचा मोबदला मिळणे न्याय्य आहे. पण गावाने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेले मोलही त्याच्याच पदरात पडले, तर ते विश्वस्ताचे अपयश ठरते.

मिळालेला पैसा कशावर खर्चावा, हाही नीतीचाच भाग आहे. पुण्याची मंडई १८८६ साली उभी राहिली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. त्याआधी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भाजीबाजार भरत असे. नगरपालिकेचे सदस्य राहिलेल्या जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले. मंडई गावाच्या उपयोगी पडली, हे खरे. पण म्हणून फुल्यांचा प्रश्न निकालात निघत नाही. सार्वजनिक पैशावर पहिला हक्क कोणाच्या गरजेचा, हे दर वेळी नव्याने सांगावे लागते.

तिसरा प्रश्न, ज्यांच्या हक्काला कागद नाही त्यांचा. मंडईतल्या ओट्यावर पहाटे मेथीच्या जुड्या लावणारी बाई त्या चार हातांच्या जागेवर घर चालवते. तिच्याजवळ बहुधा पावतीपलीकडे काही नसते. नव्या संकुलात तिला तिसऱ्या मजल्यावर जागा दिली, तर हिशेबाने पुनर्वसन पूर्ण होते आणि धंदा बुडतो, कारण जुडीभर भाजीसाठी कोणी जिना चढत नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात अंतर्भूत मानला. तेव्हा तळमजल्यावर कोण बसणार हा निर्णय केवळ वास्तुविशारदाचा राहत नाही. भाडे न देणाऱ्या वापरांचेही तसेच आहे. मुलांचे खेळणे, म्हाताऱ्यांचे पारावर बसणे, सभा आणि जत्रा भरणे यांतून उत्पन्न येत नाही, पण गावाला गावपण त्यांच्यामुळेच येते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. नगरपालिकांची तिजोरी रिकामी असते; जागा पडून राहण्यापेक्षा तिच्यातून उत्पन्न मिळाले तर वाईट काय? आक्षेप रास्त आहे, आणि विश्वस्ततेचे तत्त्व त्याच्या आड येत नाही. विश्वस्ताने ठेव निकामी पडू देणे हाही दोषच. त्याला इमारत पाडता येते, नवी बांधता येते, जागा भाड्याने देता येते, भागीदारही घेता येतो. मात्र चार गोष्टी त्याच्यावर बंधनकारक राहतात. जमीन गावाच्याच नावावर ठेवणे, वाढलेल्या मोलाचा मोठा वाटा गावाकडे वळवणे, तिथे आधीपासून पोट भरणाऱ्यांना धंदा चालेल अशीच जागा देणे, आणि सगळा व्यवहार निविदेपासून करारापर्यंत उघड्यावर करणे. या चारही गोष्टी पाळून होणारा पुनर्विकास हा सार्वजनिक ठेवीचा सदुपयोग आहे. यांतली एकही सोडून केलेला पुनर्विकास, इमारत कितीही देखणी असली तरी, जे आपले नाही ते देऊन टाकण्यासारखे आहे. तसे दान यज्ञात राजालाही मीमांसकांनी नाकारले होते.