अकराव्या ताशी उभे असलेले



द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे (मत्तय २०:१-१६). पहाटे, मग नऊला, बाराला, तीनला असा तो बाजारात जाऊन मजूर आणतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना तो पुन्हा जातो, तेव्हाही काही जण तिथे उभेच असतात. ते कारण सांगतात की, आपल्याला कोणी बोलावलेच नाही. ते आळशी नव्हते. आळशी माणूस संध्याकाळपर्यंत नाक्यावर थांबत नाही.

आज आपल्या गोरेगाव-सेनगाव भागात असे उभे असलेल्यांमध्ये नर्सिंग पूर्ण केलेली मुलेमुली आहेत. सोयाबीन-हळदीच्या पैशांतून, प्रसंगी कर्ज काढून आईवडिलांनी फी भरली. जी.एन.एम.ची तीन किंवा बी.एस्सी.ची चार वर्षे झाली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हाती आली. आता हिंगोली, नांदेड, पुणे, कुठेही जा, प्रश्न एकच: अनुभव किती? नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही.

सेमिनरीत शिकवला जाणारा ॲरिस्टॉटलचा विचार इथे उपयोगी पडतो. घरे बांधता बांधताच माणूस गवंडी होतो, असे तो म्हणतो. शिवाय, जे अजून केवळ शक्यतेत आहे ते प्रत्यक्षात यायला आधीच प्रत्यक्षात असलेले काहीतरी लागते. चुलीतले लाकूड आपोआप पेटत नाही. पेटलेले काहीतरी त्याच्याजवळ न्यावे लागते. म्हणून हे चक्र नवखी नर्स एकटी तोडू शकत नाही. कोणीतरी अनुभवी माणसाने तिला जवळ घ्यावे लागते.

याच ठिकाणी मोह उभा राहतो. थोडे पैसे द्या, दोन वर्षांच्या अनुभवाचे प्रमाणपत्र मिळेल, असे सांगणारे भेटतात. ‘सगळेच करतात, यात कोणाचे काय बिघडते?’ असेही म्हटले जाते. बिघडते, आणि ते रुग्णाचे बिघडते. कागदावर दोन वर्षे दिसली की त्या मुलीला रात्री अतिदक्षता विभागात एकटीला उभे करतात. पोटॅशियमचे इंजेक्शन पातळ न करता थेट शिरेत दिले तर हृदय बंद पडू शकते. जिने अनुभव असल्याचे सांगितले आहे, ती ‘मला हे येत नाही, दाखवा’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार? खोटी साक्ष देऊ नकोस, ही आठवी आज्ञा अशा वेळी केवळ नियम राहत नाही. ती खाटेवरच्या माणसाचा जीव राखते. ‘माझा अनुभव नाही, पण शिकण्याची तयारी आहे’ हे वाक्य तरुणांनो, लाजेचे नाही.

खरा मार्ग लांबचा आहे, पण आहे. प्रत्येक जाहिरात नीट वाचा. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जी.एन.एम. झालेल्यांना मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. तेव्हा पहिली नोकरी धरताना पगाराबरोबर खाटाही विचारा. नेमणूकपत्र मागून घ्या. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या कपाटात अडकवू नका. प्रशिक्षणात कोणत्या वॉर्डात किती दिवस काम केले आणि कोणती कामे स्वतः केली, हे लिहून ठेवा. मुलाखतीत तीच तुमची शिदोरी. आपल्या हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, तिथल्या भरतीकडेही लक्ष असू द्या.

नकार मिळाला म्हणून स्वतःला टाकाऊ समजू नका. संत कॅमिलस (१५५०-१६१४) यांचे उदाहरण पाहा. पायाची जखम घेऊन हा सैनिक रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात आला आणि तिथेच नोकर म्हणून राहिला. जुगाराच्या नादामुळे त्याला तिथून काढून टाकण्यात आले. १५७५ साली त्याचे मनपरिवर्तन झाले. तो त्याच रुग्णालयात परतला, रुग्णसेवा शिकला आणि पुढे तिथलाच व्यवस्थापक झाला. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी ज्यांना परिचारिकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, त्यांत हे कॅमिलस आहेत.

आता दोन शब्द, जे आधीच मळ्यात आहेत त्यांच्यासाठी. आपल्यापैकी कोणी सिस्टर इन्चार्ज असेल, कोणी डॉक्टर, कोणाचे छोटे हॉस्पिटल असेल. रूथ परक्या शेतात सरवा वेचायला गेली, तेव्हा बवाजाने आपल्या गड्यांना पेंढ्यांतली काही कणसे तिच्यासाठी मुद्दाम टाकायला सांगितली. तुम्हीही एक रात्रपाळी नवखीला सोबत घ्या, चुकली तर सर्वांसमोर न ओरडता बाजूला नेऊन दाखवा. आणि नवखी आहे म्हणून तिला फुकट राबवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली, ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. दाखल्यातला धनी शेवटी आलेल्यांची गरज पाहून त्यांना कमी देत नाही, पूर्ण देतो.

आईवडिलांनो, घरी बसलेल्या लेकीला ‘एवढा खर्च केला, काय उपयोग?’ असे म्हणू नका. बाजारात तिने स्वतःहून उभे राहणे पसंत केलेले नाही. तिला अजून हाक आलेली नाही, एवढेच.

हे प्रभू, काम शोधणाऱ्या आमच्या तरुणांना धीर आणि खरेपणा दे. आणि ज्यांच्या हाती काम देणे आहे, त्यांना संध्याकाळीही एकदा बाजारात डोकावण्याची बुद्धी दे. आमेन.