गळती आणि टॉप-अप



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २ रा, श्लोक ६२ ते ६४.

हे श्लोक शाळेत असताना पाठांतर स्पर्धेसाठी घोकले होते. बक्षीसही मिळालं होतं. पण अर्थ थोडाफार कळला तो मागच्या शनिवारी, गाडीखाली पाठीवर झोपलो तेव्हा.

आमची गाडी २००४ सालची. बाबांनी नोकरीत असताना घेतलेली. आम्ही बदलापूर पश्चिमेला राहतो. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, तेव्हा आमच्या पार्किंगमध्येही गुडघाभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर गाडी वरून धुतली, सीट वाळवल्या. खाली कोणी बघितलं नाही.

यंदा दोन महिन्यांपासून ब्रेक ऑइलची पातळी खाली जात होती. बाबा एकदा म्हणाले, "तेल कमी होतंय रे, कुठे गळतंय का बघ." मी म्हणालो, "मला कळतं बाबा." आणि बाटली आणून टॉप-अप केलं. पंधरा दिवसांनी परत टॉप-अप. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवून सर्व्हर रीस्टार्ट करत बसलो.

मग एका सोमवारी बाबांना घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात निघालो. उड्डाणपुलाच्या उतारावर पुढची रिक्षा थांबली, मी ब्रेक दाबला आणि पेडल जवळजवळ तळाला गेलं. गाडी थांबली, पण रिक्षापासून वीतभर अंतरावर. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "किती वेळा सांगितलं हे भंगार विकून टाका म्हणून!" आणखीही बरंच बोललो. बाबा गप्प राहिले. दर्शन झालंच नाही. गाडी टो करून घरी आणली. त्यानंतर चार दिवस घरात आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

आता श्लोकांकडे येऊ. अर्जुनाने विचारलं आहे की ज्याची बुद्धी स्थिर झाली तो माणूस कसा असतो. त्याच उत्तरात भगवंत उलटी बाजूही दाखवतात, माणूस कोसळतो कसा ते. आधी एखादी गोष्ट मनात घोळत राहते. घोळण्यातून तिची ओढ लागते, ओढीतून हवंच असा हट्ट, हट्टाला धक्का लागला की राग. रागातून भ्रम, भ्रमातून विस्मरण, विस्मरणातून बुद्धीचा नाश आणि मग सर्वनाश. आठ पायऱ्या. मोजून बघा, राग चौथ्या पायरीवर आहे.

मी इतकी वर्षं चौथ्या पायरीवरच काम करत होतो. राग आला की दहा आकडे मोजायचे, आणि ओरडून झालंच तर रात्री "सॉरी" म्हणायचं. सॉरी म्हणजे टॉप-अप. पातळी तेवढ्यापुरती वर येते, गळती चालूच.

शनिवारी गाडी स्टँडवर चढवली. (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कधीही खाली शिरू नका, चाकांना दगड लावा.) बॅटरी घेऊन खाली गेलो. ब्रेकचा लोखंडी पाइप जाडीला पेन्सिलपेक्षाही बारीक असतो. पुढून बघितला तर ठीक होता. मागच्या चाकाजवळ जिथे तो क्लिपने गाडीच्या तळाला धरलेला असतो, तिथे क्लिपच्या आत चिखल बसला होता. कदाचित पुरातला, कदाचित दर पावसाळ्यातला. चिखल ओल धरून ठेवतो, ओलीने गंज चढतो. क्लिप काढली तर पाइप बिस्किटासारखा झालेला. जोरात ब्रेक मारला की या पाइपातला दाब टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट असतो. तो काय टिकणार?

म्हणजे ब्रेक पुलावर फेल झाला नव्हता. तो वर्षानुवर्षं त्या क्लिपखाली फेल होत होता. पुलावर फक्त कळलं.

मीही पुलावर चिडलो नव्हतो. रोज लोकलमध्ये उभ्याउभ्या मनात एकच घोळवत होतो : मी कमावतो, मी इंजिनिअर, मला कोणी शिकवू नये. विषय म्हटलं की आपल्याला खाणंपिणं, पैसा आठवतो. पण "माझंच खरं" हासुद्धा विषयच, आणि त्याचं चिंतन मी नेमाने करत होतो. मग विस्मरण कसं झालं बघा. गळती बघ म्हणून सांगणारे बाबाच होते, हेच मी त्या क्षणी विसरलो!

तरी आम्ही वाचलो कसे? गाडीत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन असतात. आमच्या गाडीत एक लाइन पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं चाक सांभाळते, दुसरी उरलेली दोन. एक गेली तरी दुसरी थोडंफार थांबवते. मी याला कृपा म्हणतो. पण कृपेवर गाडी रोज चालवायची नसते, तेवढ्यात दुरुस्ती करून घ्यायची असते.

एका ओळखीच्याने सुचवलं होतं, सडलेला तुकडा कापून रबरी नळी आणि क्लॅम्प लावून टाक. ब्रेकला असलं ठिगळ चालत नाही. जुना पाइप नमुना म्हणून घेऊन उल्हासनगरला गेलो आणि दोन्ही टोकांना नट असलेला नवा पाइप आणला. नट गंजून बसले होते, रात्रभर तेल सोडून ठेवावं लागलं. घाई केली असती तर त्यांचे कोपरे झिजले असते.

नवा पाइप बसला, पण काम तिथे संपत नाही. पाइपात शिरलेली हवा काढावी लागते. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. म्हणून हवा राहिली तर पाय कितीही दाबा, जोर चाकापर्यंत पोचत नाही. आणि हे एकट्याने करायला अवघड. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली निपल सैल करून पुन्हा घट्ट करायचा, मगच पहिल्याने पाय उचलायचा.

बायको ऑफिसला गेलेली. मी वर जाऊन म्हणालो, "बाबा, जरा येता का?" ते चप्पल घालून आले.

"दाबा."

"दाबलंय."

"धरून ठेवा... हां, सोडा."

चार दिवसांनंतर आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. अर्धा तास एवढेच शब्द. खालून काळपट तेल आणि बुडबुडे येत होते, मग बुडबुडे थांबले. बाबा वरून म्हणाले, "आता कडक लागतंय पेडल." गाडीखालूनच मी म्हणालो, "बाबा, तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही." थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "दुसऱ्या बाजूचा पाइपपण बघून घे."

बघितला. तोही बदलला. मग मेकॅनिकला बोलावून सगळं तपासून घेतलं, त्यानंतरच गाडी रस्त्यावर काढली.

चौसष्टावा श्लोक मला म्हणून आवडतो. गाडी बंद करून ठेवा असं भगवंत म्हणत नाहीत. विषयांमधूनच जायचं आहे, फक्त आवड-नावड ताब्यात ठेवून, आणि असं जाणाऱ्याला प्रसन्नता लाभते. या सोमवारी आम्ही अंबरनाथला जाऊन आलो. शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं ते मंदिर. बाबा दगडावर हात ठेवून म्हणाले, "जुनं आहे, पण बघणारे आहेत."

आजचा अभ्यास : आज कशावर चिडलो ते लिहू नका. चिडण्याआधी दिवसभर मनात काय घोळत होतं, ते एका ओळीत लिहा. क्लिप तिथे आहे.

हे पांडुरंगा, वरून धुतलेलं तू बघतोसच. खाली साचलेलं आम्हाला दाखव.

राम कृष्ण हरी.