सगळं आवडणाऱ्याची बाजू

‘संत तुकाराम’, ‘सोंगाड्या’ आणि ‘फँड्री’ हे तिन्ही ज्याला मनापासून आवडतात, त्याला अभिरुची नाही, नुसती भूक आहे, असं एका समीक्षक स्नेह्यांनी यंदा ठणकावून सांगितलं. रसिकाने एक घराणं धरावं आणि बाकीचं सोडून द्यावं, हा त्यांचा आग्रह. मी कुर्डुवाडीचा. मला हे तिन्ही आवडतात. आरोप माझ्या एकट्यावर असता तर सोडून दिला असता. पण तो तालुक्याच्या गावात सिनेमा पाहत वाढलेल्या साऱ्या प्रेक्षकांवर आहे.

आमच्याकडे सिनेमा आला तोच सरमिसळ होऊन. जत्रेच्या तंबूत आज पौराणिक, उद्या मारधाडीचा, परवा तमाशापट; समोर मातीत बसलेली माणसं तीच. घराणं निवडायची मुभा शहरातल्या फिल्म सोसायटीच्या सभासदाला होती. पण या सरमिसळीतून काय उगवलं तेही पाहावं. कुर्डुवाडीहून रेल्वेचा एक फाटा पंढरपूरला जातो. दिग्दर्शक जब्बार पटेलांचा जन्म तिथला. मुख्य मार्गाने पुण्याकडे निघालं की जेऊर लागतं, ते नागराज मंजुळ्यांचं गाव. पुढे दौंड, तिथे पटेलांनी डॉक्टरकी केली. ‘सामना’ (1975) आणि ‘सैराट’ (2016) करणारी माणसं या एकाच रुळांच्या आसपासची आहेत.

आमच्या बाजूने बोलणारे सहसा म्हणतात, की प्रत्येक प्रकाराला त्याची त्याची मोजपट्टी लावावी. विनोदी चित्रपटाने हसवावं, संतपटाने भक्ती जागवावी, झालं. हे मला अर्धवट वाटतं. थोर चित्रपट आपल्या प्रकाराच्या कुंपणात राहतच नाहीत.

दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (1936) घ्या. प्रभातचा हा संतपट 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात चमत्कार आहेत, शेवटी वैकुंठाला जाणारं विमान आहे. पण चित्रपट तोलून धरते ती गौरी यांची जिजाई. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा अभंगात रंगलेले असतात, तेव्हा म्हशीचं, पोराबाळांचं, रिकाम्या डब्यांचं तीच पाहते. विमान आलं तरी ती संसार सोडून निघत नाही. भक्तिपटाच्या ऐन मध्यावर, भक्तीची किंमत मोजणाऱ्या बाईला इतकी जागा मिळाली आहे. हा चित्रपट फक्त भाविकाने पाहिला तर जिजाई निसटते आणि फक्त वास्तववाद्याने पाहिला तर तुकोबा निसटतात.

‘फँड्री’त (2013) तर प्रकारच हत्यार होतो. डुकरं पकडायला नायक जब्याचं कुटुंब धावतं, पडतं, धडपडतं. गाव कडेला बसून सामना पाहावा तसं हसतं. प्रसंगाची रचना धावपळीच्या विनोदपटाची आहे. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि हातातलं डुक्कर निसटत असताना हे कुटुंब स्तब्ध उभं राहतं. पडद्यावरचा पाठलाग पाहून हसायची सवय असलेला प्रेक्षक इथे पुरता अडकतो. अखेर जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो, तो त्याच हसण्यावर.

‘सैराट’ मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. करमाळ्याच्या मुलुखातल्या विहिरी, उसाचे फड, संथ गतीतली धाव, अजय-अतुल यांनी लॉस एंजलिसमध्ये वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेलं संगीत: पूर्वार्धात हिंदी प्रेमपटाने दिलेली सगळी सुखं आहेत आणि ती मन लावून दिली आहेत. उत्तरार्ध हैदराबादच्या झोपडपट्टीत येतो. गाणी थांबतात, भांडण, संशय, भाड्याची खोली, नोकरी सुरू होते. शेवटी आवाजही जातो आणि रक्ताने माखलेली बाळाची पावलं उरतात. हा शेवट इतका खोल लागतो, कारण त्याआधी आपण प्रेमपटाच्या वचनावर विश्वास ठेवलेला असतो. ज्याने प्रेमपटांना तुच्छ मानलं, त्याचा विश्वास बसलेलाच नसतो; मग मोडणार काय? म्हणून म्हणतो, ‘सैराट’ करायलाही आणि पूर्ण पाहायलाही गल्लाभरू सिनेमावर प्रेम असावं लागतं.

मग सगळंच सारखं का? नाही. इथे मी स्नेह्यांच्या जरा जवळ सरकतो. मला सगळे प्रकार आवडतात. सगळे चित्रपट आवडत नाहीत. प्रकारांच्या पलीकडे एक कसोटी मी मानतो: चौकटीतल्या सर्वांत कमी वजनाच्या माणसाकडे चित्रपट कसा पाहतो? 1925 च्या ‘सावकारी पाशा’त बाबुराव पेंटरांनी जमीन गमावलेला शेतकरी केंद्रस्थानी आणला, ती भूमिका तरुण व्ही. शांतारामांनी केली. 1953 साली अत्र्यांनी ‘श्यामची आई’ केला, बिमल रॉय यांनी ‘दो बिघा जमीन’, आणि तिकडे जपानात ओझूंनी ‘टोकियो स्टोरी’. कर्जात बुडालेलं घर, रिक्षा ओढणारा शेतकरी, मुलांना नकोसे झालेले म्हातारे आईबाप. या साऱ्यांनी आपल्या माणसाला पूर्ण उंचीने उभं केलं. दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’तला (1971) भोळा नाम्याही याच रांगेतला. लोकनाट्यातून आलेल्या त्या खेड्यातल्या गड्याला नायकपण मिळालं, हे मी लहान मानत नाही. उलट, पुरस्कार मिळवणाऱ्या गंभीर चित्रपटातही गरिबाला नुसतं दयेचं निमित्त केलं असेल, तर तो मी नाकारतो.

अभिरुची म्हणजे ही निवड. ती करायला आधी खूप पाहायला मिळावं लागतं. 1964 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आहे, कुर्डुवाडीहून रेल्वेने काही तासांवर. तिथला ठेवा तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत नियमित यावा आणि ‘संत तुकाराम’, ‘सोंगाड्या’, ‘फँड्री’ एकाच आठवड्यात, एकाच पडद्यावर दाखवावेत. इथल्या पोरांना घराणं नेमून देण्याचा अधिकार कोणालाही नाही; सगळं पाहून निवडण्याचा अधिकार मात्र त्यांचा आहे.